तेलाचं माप

आयुधपूजा, संध्याकाळी सात

बाबांची स्कूटर अण्णानं, माझ्या मोठ्या भावानं, टेम्पोत घालून परत आणली. चामुंडी टेकडीच्या चढावर इंजिन जाम झालं. टू-स्ट्रोक इंजिन, आणि बंकवर त्यानं नुसतं पेट्रोल भरलं, तेल न मिसळता.

बाबा गेल्यापासून बारा वर्षं ती मागच्या पडवीत गंजत होती. बंगळूरहून अण्णानं एकदाही विचारलं नाही. आठ महिने शाळेत शिकवून झालं की मी नजरबादच्या गॅरेजात जाऊन बसायची. कार्ब्युरेटर, पिस्टन, वायरिंग, सगळं माझ्यासमोर करून घेतलं. आज सकाळी झेंडूची माळ मी घातली, चाकाखाली लिंबू मी ठेवलं. आणि आईनं किल्ली दिली त्याच्या हातात. म्हणे, "थोरला आहे, पहिली फेरी त्यालाच मारू दे."

तेलाचं छोटं माप तेव्हा माझ्या हातात होतं. लहानपणीही तेच असायचं. बाबा पेट्रोल ओतायचे, तेल मी मोजून द्यायची. चालवायला मात्र शिकवलं अण्णाला.

आता तो म्हणतो, "गॅरेजवाल्यानं फसवलं तुला." आणि आई म्हणते, "सुम्ने, उगाच चिडू नकोस. त्यानं काय मुद्दाम केलं?"

त्यानं नाही. पण मी? निघताना तो म्हणाला होता, "पेट्रोल भरून घेतो." मी फक्त "बरं" म्हटलं. माप हातातच होतं.

सांगायचं विसरले, असं घरात सांगून टाकलंय. इथे कोण वाचणार आहे? विसरले नव्हते.