पाहुण्याचा की कायमचा

कर्जत,
ता. ९ डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप आबाजीराव यांचे सेवेशी,

लहान मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. येथे क्षेम आहे. 'आम्हां उभयतांचे' हे शब्द सवयीने लिहून मला खोडावे लागले, सबब यापुढे येथील क्षेम एकवचनी समजावे. आपला गुडघा व आपली म्हैस यांची प्रकृती कशी आहे? गेल्या पत्रात आपण 'उठताना फार त्रास होतो, तेल चोळतो' असे लिहिले होते. त्या वाक्यास कर्ता नसल्यामुळे मी दोघांचीही काळजी केली.

पत्रास कारण की, विलायतेहून चि. मोरूने (आपल्या भाच्याने) पुन्हा लिहिले आहे की बाबा, आता तरी व्हिसाचा निर्णय करा. या प्रकरणाचा पूर्वार्ध आपणास तुकड्यातुकड्यानेच ठाऊक असल्याने सविस्तर निवेदन करतो. मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो तेव्हा आम्ही दोघांनी त्याच्याकडे जाऊन राहावे असे ठरले. व्हिसा दोन जातींचा असतो: एक पाहुण्याचा, दुसरा कायमच्या वास्तव्याचा. माझे मत असे की, जायचे तर कायमचे. पाहुणा म्हणून जाणे हे बापाच्या पदास शोभत नाही. यावर आपल्या भगिनीचे म्हणणे असे: "कायमचा मानूस एकाच ठिकानी जातो, आन् तिथं व्हिसा लागत नाय. पाहुन्याचाच काढा. पाहुनीला सून भांडी घासायला लावत नाय." हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही म्हणून मी फेटाळला. (आज वाटते, या प्रकरणात इतका भक्कम मुद्दा दुसऱ्या कोणी मांडलाच नव्हता.)

मध्यंतरी आमच्या आळीने घाई करून मला निरोप देऊन टाकला. शाल, नारळ आणि चार भाषणे. पैकी एका वक्त्याने माझा उल्लेख अथपासून इतिपर्यंत भूतकाळात केला. दुसऱ्या दिवशी मी वांगी आणण्यास बाजारात गेलो तो शेजारच्या गोदूबाईंनी भर रस्त्यात विचारले, "अवं मास्तर, तुमी अजून हाय?" त्यानंतर मी मागील गल्लीने हिंडू लागलो. व्हिसा मिळेपर्यंत निदान नारळ तरी परत करावा असा विचार मी बोलून दाखविला, परंतु तोवर आपल्या भगिनीने त्याच्या वड्या केल्या होत्या. "आता काय परत देता, करवंटी?" असे तिने विचारले. (वड्या उत्तम झाल्या होत्या.)

असो. मुलाखतीस मुंबईस गेलो. कचेरीत एक गोरे साहेब आणि त्यांच्या शेजारी एक दुभाषे गृहस्थ होते. 'आम्ही कायमचे जातो' हे एकच वाक्य मी आपल्या भगिनीकडून पाठ करवून घेतले होते. दुभाष्यांनी विचारले, "बाई, तुम्ही कायमच्या जाणार ना?" त्याबरोबर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. तिच्या माहेरच्या वळणात उंबऱ्याबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे मी आपणास काय सांगावे? शेजारून विरजण आणायला निघाली तरी ती 'येते' म्हणायची. ती कडाडली, "जाते काय म्हनता? चांगलं बोला की! येते म्हना, येते!" दुभाष्यांनी इमानाने भाषांतर केले की, बाई परत येणार आहेत. मग कायमचा अर्ज कशासाठी, असे साहेबांनी साहजिकच विचारले. मी तिला खुणावले. ती अधिकच ठामपणे म्हणाली, "येतेच." साहेब माझ्याकडे वळले. मी शुद्ध इंग्रजीत सांगितले की, मी कायमचा जाणार. येणेप्रमाणे पती कायमचा जाणार आणि पत्नी पाहुणचार घेऊन परत येणार, असे आमच्या संसाराचे चित्र साहेबांच्या मनात उभे राहिले. त्यांनी अत्यंत सौजन्याने सुचविले की, उभयतांनी प्रथम घरी जाऊन आपसांतील भांडण मिटवावे. निघताना दारात हात जोडून ती म्हणाली, "येते हं, साहेब." ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी उठले नव्हते.

परतीच्या गाडीत नेरळ मागे पडेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तेव्हा तीच म्हणाली, "रुसला काय? तुमी जावा फुडं कायमचे. मी येते मागनं." तो क्रम कसा उलटला हे आपण पाहिलेच आहे. श्रावणात इस्पितळात न्यायला टांगा दारात आला, तेव्हाही तिने वळून आपले ठरलेले क्रियापद उच्चारले. तिच्या तोंडचे ते खोटे ठरल्याचे माझ्या आठवणीतील हे एकमेव उदाहरण होय.

आता चिरंजीव कळवितात की, एकट्या पित्यास कायमचा व्हिसा लवकर मिळतो. जोडप्यास दुर्घट ते विधुरास सुलभ; अशी सवलत मी मागितली नव्हती. तरी वडीलधारे या नात्याने आपले मत कळवावे: पाहुण्याचा की कायमचा?

आपला आज्ञाधारक,
नागो गोमा म्हसे

ता. क. — मत कळविण्याची तसदी घेऊ नये. पाहुण्याचाच व्हिसा हवा असे मी काल मोरूला लिहून टाकले. उन्हाळ्यात जाऊन परत येईन. कारण वर नमूद केलेलेच: भांडी.

आणखी ता. क. — वास्तविक हे पत्र त्यासाठी नव्हते. कन्या सासरी गेल्यापासून आपण खालापुरास एकट्यापुरत्या भाकरी थापता आणि जाळता, असे ऐकतो. माझा भात अद्याप दोघांचाच होतो; एका माणसाचे माप मला साधत नाही. येथे ओसरीलगतची खोली रिकामी आहे, मागील दारी म्हशीपुरती जागा आहे. तरी यावे. पाहुणे म्हणून की कायमचे, हे आपण ठरवावे. या कचेरीत दुभाषा नाही.

शेवटचा ता. क. — अट एकच. आपण तिचेच भाऊ, तेव्हा येथून साधे बाजारास निघालात तरी 'येतो' म्हणाल. म्हणालात, तर या.