ओपन सोर्सच्या भाषणात अर्जदाराचे एक तरी वाक्य राहणेबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कर्मचाऱ्यांना ओपन सोर्स सॉफ्टवेअरची ओळख करून देणाऱ्या भाषणात अर्जदाराचे एक वाक्य कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : "तुम्हीच बोला, तुम्हाला तसंही काय काम असतं!" हा आपला मागील बैठकीतील तोंडी आदेश.

महोदय,

१. खाली सही करणारा अर्जदार आपल्या कार्यालयात संगणक साहाय्यक असून सभागृहातला माईकही तोच लावतो. नोकरीला लागल्यापासून त्या माईकवर तो "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय ना?" एवढेच बोलला आहे. त्याला आजवर कोणी उत्तर दिलेले नाही, कारण लगेच आपण माईक हातात घेता. त्यामुळे वरील आदेश मिळताच अर्जदाराचा आनंद गगनात मावेना. आदेशाच्या भाषेकडे त्याने काणाडोळा केला.

२. भाषण लिहून झाल्यावर अर्जदाराने ते घरी सौ.ना वाचून दाखवले. "अहो, छान आहे, पण संपतं कधी?" असा त्यांचा अभिप्राय आला. आता, ज्या सॉफ्टवेअरची आतली रचना कोणालाही बघता येते, बदलता येते आणि बदलून पुढे वाटता येते ते ओपन सोर्स, हे नुसते सांगण्यापेक्षा करून दाखवावे अशी दुर्बुद्धी अर्जदारास सुचली. त्याने भाषणच कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकले व वर लिहिले, "ज्याला जे सुचेल ते त्याने सुधारावे." कोणी फार तर एखादा अनुस्वार देईल, असा त्याचा अंदाज होता.

३. पहिल्याच दिवशी भांडारपालांनी प्रस्तावना उडवली. शेजारी शेरा : "झोप येते." टायपिस्ट बाईंनी ओपन सोर्सचा इतिहास काढून, प्रिंटर अडकल्यावर झाकणाला कुठे धक्का द्यायचा ते लिहिले. वाहनचालकांनी तर भाषणाची वेगळी प्रत काढून तिला "शॉर्टकट" असे नाव दिले. ती एका पानाची आहे आणि, सांगताना जीव जळतो, पण मूळ भाषणापेक्षा बरी आहे. अर्जदार तणतणत भांडारपालांकडे गेला असता, "तूच लिहिलंस ना, सुधारा म्हणून? मग आता का रडतोस?" असे उत्तर मिळाले. ते नियमाला धरून असल्याने अर्जदार परतला.

४. काल रंगीत तालीम झाली. टायपिस्ट बाईंनी भाषण वाचले. सगळे हसले, सगळ्यांना समजले आणि तिघांनी तिथल्या तिथे तसले सॉफ्टवेअर आपापल्या संगणकात घालून घेतले. अर्जदारास आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, हेवा वाटला. भाषणात त्याचा एक शब्दही उरला नव्हता.

५. कळविण्यास खेद होतो की कात्री तेथेच थांबली नाही. कार्यक्रमपत्रिका त्याच फोल्डरमध्ये असल्याने कोणीतरी तिच्यातून आपले समारोपाचे भाषण काढले. अर्जदाराने कर्तव्य समजून ते परत घातले. जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा गायब झाले. पुन्हा घातले. आपण स्वतःही ते घालू शकता, फोल्डर खुले आहे. मात्र टिकेल याची हमी देता येत नाही, कारण आज सकाळी ते अर्जदारानेच काढले आहे.

६. त्याचे कारण असे. आज सकाळी भाषणाच्या अगदी वर कोणीतरी एक नवी ओळ घातलेली दिसली : "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय ना? (हे आपल्या संगणकवाल्यांनीच म्हणायचं.)" आणि तिच्याखाली भांडारपाल, टायपिस्ट बाई, वाहनचालक, झाडून सगळ्यांनी एकाखाली एक लिहिले आहे, "येतंय!" अर्जदाराला भरून आले. एवढ्या वर्षांनी ज्यांनी उत्तर दिले, त्यांना आपल्या समारोपासाठी बसवून ठेवणे त्याच्या मनाला पटेना.

तरी ते एक वाक्य अर्जदारास बोलू द्यावे, आणि उत्तर येईपर्यंत आपण माईकला हात लावू नये, ही विनंती.

आपला नम्र (उद्यापुरता थोडा कमी),
संगणक साहाय्यक, तळमजला

दिनांक : भाषणाचा आदला दिवस

सोबत :
१) भाषण, आज दुपारपर्यंतचे.
२) आपले समारोपाचे भाषण, साभार परत.