आप्पामामांची उघडी फाईल

१ डिसेंबर १९९८, मंगळवार

पुन्हा तेच! आणि पुन्हा सगळ्यांचं बोट माझ्याकडंच! नेकनूरच्या ऊसतोड टोळीची एकोणचाळीस नावं टाईप केली, सेव्ह दाबलं — रीड ओन्ली! मशीनवर बसलो तवापासून आठ दिवस हेच. सिदूला बोलावलं. साखर कारखान्याची सगळी काँप्युटर मशीनं तोच बघतो. म्हणतो, "फाईल नुसती वाचायची हाय. तूच काहीतरी दाबलं असशील. आठवी नापासाला मशीनवर बसवल्यावर दुसरं काय व्हणार?"

नापास न्हाई मी. आठवीला बसलोच न्हाई!

शनिवारी साहेब ऊसतोडवाल्यांची यादी छापणार. यादीत नाव त्यालाच खोपीवर टाकायला ताडपत्री. फडात थंडी लई हाय.

२ डिसेंबर

दुसरं नाव देऊन ठेवली — "यादी नवी". झाली सेव्ह! साहेब खवळले. "मला दहा याद्या नकोत. आप्पाराव लिहितात त्याच फाईलीत सगळं पाहिजे. शनिवारपर्यंत जमत नसंल तर जा गावाकडं, कोयता घे."

कोयता नको म्हणून तर बापाशी भांडून आलो इथं.

आणि एक गंमत — ह्याच आप्पारावांच्या, आमच्या आप्पामामांच्या, पडद्यावर एकतीस टोळ्या. तीच फाईल माझ्याकडं उघडली की दोनच! माझं मशीनच भंगार हाय.

३ डिसेंबर

बिभीषण मुकादम आला, आमच्या नेकनूरचाच. सगळ्यांसमोर म्हणाला, "परमा, आपल्या टोळीची नावं कावून न्हाईत बे? गावचा हायस का साहेबाचा? सटवाची पोरगी रोज सकाळी दवात भिजून खोकतीय."

काय सांगू? काँप्युटर ऐकंना म्हणून?

४ डिसेंबर

घावलं! चहा पिता पिता सिदू सहज म्हणाला, "दुसऱ्या मशीनवर तीच फाईल उघडी असली तरच असं व्हतं." सहज! आठ दिवस हे पोटात ठेवून बसला होता!

उठलो तसा आप्पामामांकडं गेलो. मामा नांदूरघाटचे, हंगामी कारकून. मला इथं त्यांनीच चिकटवलं. त्यांच्याच खोलीत राहतो, त्यांच्याच तव्यावरची भाकर खातो. विचारलं, "मामा, सांजच्याला फाईल मिटता ना?"

"मिटायची? येडा का खुळा! मोळी टाकून गाळप सुरू झालं त्या दिवशी रजिस्टर उघडायचं, पट्टा पडून गाळप संपलं की नारळ फोडून मिटायचं. मधीच मिटलं की हंगाम मोडतो. बावीस हंगाम झाले, लेकरा."

रजिस्टरवर रोज दगड ठेवून घरी जायचे म्हणे. यंदा साहेबांनी रजिस्टर बंद केलं, मशीन दिलं. आता मामा सांजच्याला नुसता पडदा बंद करतात. कारखान्याची स्वतःची वीज, जाते कशाला! मोळीपासून पंचवीस दिवस फाईल तशीच उघडी!

लई विनवलं. ऐकंनात. साहेबांना सांगावं तर मामांचं हसू व्हणार.

५ डिसेंबर, शनिवार

दुपारी मामा जेवायला गेले. त्यांच्या मशीनवर बसलो न फाईल मिटली. मशीननं विचारलं, बदल सेव्ह करू का? मी तर एक अक्षर बदललं नव्हतं. नो दाबलं.

पळत माझ्या मशीनवर आलो. नावं टाकली. सेव्ह! बंद करून पुन्हा उघडली — हायत जागच्या जागी! सिदूला आरोळी मारली, "बघ बे, आठवी नापास!"

मामा आले. बसले. बाण दाबून यादी वर-खाली केली. मग म्हणाले, "परमेश्वरा, माझ्या टोळ्या कुठं गेल्या रे?"

पहिल्या दिवशी सिदूनं सेव्ह केलेल्या दोन. माझी नेकनूरची एक. बाकी एकोणतीस टोळ्या गायब!

"मामा, तुमी सेव्ह कधी केलतं?"

"लिवलं ते लिवलं. परत काय करायचं असतंय?"

मी कोरी वही काढली न सायकलीत हवा भरली.

६ डिसेंबर

दोघं सायकलीवर. खोपी खोपी फिरून नावं परत घेतली. मामांना साठी आली, चढाला उतरून सायकल ढकलत होते. बाया म्हणायच्या, "परवाच तर सांगितली की नावं!" मामा प्रत्येकीला म्हणायचे, "माझ्या हातून हरवली, माय." मी मागं उभा. नावं लिहीत.

७ डिसेंबर

साहेबांनी विचारलं, कुणाच्या मशीनवरून गेलं? मामा उठून उभे राहिले. "माझ्या. कसं गेलं ते कळलं न्हाई, पर माझ्याच हातून गेलं."

साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मला म्हणाले, त्यांच्या खुर्चीवर बस, पगार चारशेनं वाढवतो.

यष्टीत बसवायला गेलतो. मामा खिडकीतून म्हणाले, "मधीच मिटलं बघ यंदा. तू नीट बस खुर्चीवर. डब्यात पीठ हाय दोन दिवसांचं."

तिथं तरी सांगायचं! गाडी हलेपर्यंत ताडपत्र्यांचंच बोलत राहिलो.

९ डिसेंबर

ताडपत्र्या वाटल्या. बिभीषणनं पाठीवर थाप मारली. नको वाटली.

१ जानेवारी १९९९

वाढीव पगार हातात आला. दरमहा एक मनीऑर्डर आईला — वत्सलाबाई, नेकनूर. आज पोस्टात दोन फॉर्म घेतले. दुसऱ्यावर आप्पामामांचं नाव, मुक्काम नांदूरघाट, तालुका केज. निरोपाच्या जागेत लिहिलं — मामा, फाईल मी मिटली होती. नो मी दाबलं.

रक्कम — चारशे रुपये.