दहा आणि वीस

४ मार्च
वर पुन्हा काहीतरी आपटलं. मग शांत. 

जावई कामावर गेल्यावर जिना चढले. रोजच्यासारखं दाराला बाहेरून कुलूप. लेक आतून म्हणाली, पाठीला इस्त्रीचा चटका बसलाय, माझ्याच हातून. स्वतःच्या पाठीला? विचारलं नाही. आत दोन कॅमेरे आहेत. तो कामावर बसून बघतो, ऐकतो, सगळं साठवून ठेवतो. स्वतः मारतो तेसुद्धा!

७ मार्च
ह्यांची पुस्तकं काढली. हे जन्मभर ऑफिसांतून नेटच्या तारा ओढत फिरले. गेले तेव्हा रद्दीवाल्याला पुस्तकं दिली नाहीत. मांडीवर शब्दकोश घेऊन मी इंग्रजी त्यांच्यावरच शिकले. एका पानावर ह्यांच्या चहाचा डाग आहे. तिथे बोट ठेवून वाचते.

राउटर माझ्या खोलीत. एकच तार वर जाते, वरच्या स्विचमध्ये, म्हणजे तारेला फाटे फोडणाऱ्या पेटीत. तिथे त्याचे कॅमेरे, त्याचा वाय-फाय, आणि त्याने बसवलेली एक डबी. कोण कुणाशी बोललं ते तिच्यातून त्याला कळतं. घरात मोबाइलला रेंज नाही, फोन वाय-फायवरूनच लागतो; नाहीतर लेकीला चोरून फोन दिला नसता?

मागे मी पोलीस आणले होते. तो शेजारी उभा, लेक म्हणाली काही झालं नाही. पोलिसांनी मलाच समजावलं — सासूने संसारात लक्ष घालू नये. तेव्हा बोलायला हवं ते तिनेच. त्याच्या अपरोक्ष.

पुस्तकात आहे — एकाच तारेतून दोन वेगळी जाळी नेता येतात. तारेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर नंबर चिकटवायचा. त्याला टॅग म्हणतात. दहाचं वीसला दिसत नाही, वीसचं दहाला नाही. एकाच जिन्याने चढून दोन बिऱ्हाडांत शिरावं तसं.

दहा त्याचं. लेकीच्या लग्नात ह्यांनीच हौसेने करून दिलेलं. वीस मी करणार.

९ मार्च
राउटरला ती तार जोडलीय त्याच पोर्टवर वीस मांडलं, वरच्या वाय-फायला वीससाठी दुसरं, लपवलेलं नाव दिलं. जमलं! न्हाणीघरात कॅमेरा नाही. तिथल्या खिडकीतून लेकीने दोरी सोडली, ह्यांचा जुना फोन वर ओढून घेतला.

१० मार्च
स्विचला सांगायचं होतं, या तारेवर आणखी वीसला येऊ दे. मी सांगितलं, वीसला येऊ दे. यंत्र सांगितलं तेवढंच ऐकतं. त्याने दहाला हाकललं. कॅमेरे आंधळे. मीही दहावरूनच स्विचशी बोलत होते, म्हणजे मीही बाहेर.

वर जावं तर कुलूप. मग सुचलं, बदल अजून जतन केलेला नाही. मीटरपाशी पळाले, वरच्या मजल्याचा फ्यूज काढून परत बसवला. स्विच जुनं आठवत उठला. पण कॅमेरे बंद पडलेले बघून तोवर जावई कामावरून निघाला होता.

कॅमेऱ्याला हात कुणी लावला, एवढंच विचारत होता. दरवेळी विचारलं की तिचं डोकं भिंतीवर. माझ्या छताचे पोपडे गादीवर पडले. वर धावले, दार बडवलं, ओरडले की फ्यूज गेला होता, मी बसवला. त्याने दार उघडलं. बाह्या नीट दुमडलेल्या.

"आई, तुम्ही कशाला वर आलात? गुडघे दुखतात ना तुमचे," म्हणाला. आणि छातीवर हात ठेवून ढकललं.

११ मार्च
उजवं मनगट मोडलं. डाव्या हाताने लिहितेय. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? जावई शेजारी उभा, माझी पिशवी हातात धरून. जिन्यात पाय घसरला, म्हटलं. कसा गुणी जावई, असं नर्स म्हणाली.

लेक म्हणत होती तसंच बोलले मी. सगळं आपल्याच अंगावर घेत.

१३ मार्च
एका हाताने टाइप केलं. या वेळी 'आणखी' विसरले नाही. दोन्ही चालू! जतन केलं.

दुपारी लेकीचा फोन. नळ सोडून बोलत होती. एक दात पडलाय, म्हणून शब्द नीट येत नव्हते. मग तिनेच पोलिसांना लावला. बाई होती, शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणे. उद्या तो कामावर गेला की येतील, कुलूप तोडतील. तोवर त्याला संशय येऊ देऊ नका, असं त्या बाईने बजावलं.

ह्यांच्या फोटोसमोर बसले. तुमची तार कामी आली, म्हटलं.

१४ मार्च
सकाळी फोन वाजला. मागे नळ नव्हता.

"आई, त्यांना फोन सापडला," लेक म्हणाली. "इस्त्री माझ्या हातात आली. ते उठत नाहीयेत." मग म्हणाली, "कॅमेरे बंद कर."

राउटरसमोर बसले. दहा काढायला एक ओळ पुरते.

नाही काढलं. आधी हात कुणाचा उठला, ते त्या कॅमेऱ्यांनी साठवलेलं आहे.

वर गेले. आज दाराला कुलूप नव्हतं.