जावेकडे तारीख आहे

९ नोव्हेंबर
सोलोमियाकडे तारीख आहे! चौदा मार्चला तिचा यारेमा घरी येतो. स्वयंपाकघरात कॅलेंडर, त्यावर लाल गोल, रोज एक फुली. मी तिचं भांडं परत द्यायला गेले तर नेमकी फुली मारत होती. "ताई, एकशे पंचवीस राहिले," म्हणाली. मी हसले. भांडं ओट्यावर ठेवलं आणि निघाले.

माझ्या कॅलेंडरवर फक्त दातांच्या डॉक्टरची तारीख आहे.

१२ नोव्हेंबर
लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल. माझा ओस्ताप युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी गेला — स्वतःहून, कुणी बोलावलेलं नसताना. आमची उल्याना तेव्हा तीन वर्षांची होती, आता सात होईल. त्याला मुदतच नाही. युद्ध संपेल तेव्हा! छत्तीस महिन्यांनी सोडायचं असं कलम कायद्यात येणार होतं, ते संसदेतल्या मतदानाच्या तोंडावर काढून टाकलं.

धाकटा दीर यारेमा तीन वर्षं इथेच मोबाइल दुरुस्त करत बसला. वय कमी, पंचविशीच्या आत सक्ती नाही, म्हणून कुणी नेलं नाही. मग पंचवीसच्या आतल्यांसाठी करार निघाला — एक वर्ष, घसघशीत रक्कम, मग घरी. याने सही केली. म्हणजे आधी गेला तो अडकला आणि मागून गेला तो सुटणार. वर सासूबाई शेजारणींना सांगतात, आमचा यारेमा हुशार. शेंडेफळ ना!

२० नोव्हेंबर
शाळेच्या व्यायामशाळेत जाळी विणायला गेले होते, रणगाड्यांवर टाकायची. तिथे म्हटलं, रविवारी चौकात फलक घेऊन उभ्या राहतोय, सैनिकांना मुदत द्या म्हणून, चला. मग हालिना बोलली. तिचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे.

"तुझा परत आला की त्याच्या खंदकात कोण बसणार, ऑरिस्या? माझा लेव्को?"

"मग जन्मभर माझाच बसू दे का?"

ती चिंध्या कापत राहिली. मी बांधत राहिले. तिचंही बरोबर आहे, हेच तर वाईट आहे.

२३ नोव्हेंबर
चौकात आम्ही अकराजणी. हात गारठले. मागे वळून पाहिलं तर सोलोमिया, चहाचा थर्मास घेऊन! माझा फलकही तिने तासभर धरला. मला बरं वाटायला हवं होतं. रागच आला. हिला काय गरज पडली होती? हिचा तर येतोयच.

मी वाईट बाई आहे. असू दे.

२४ डिसेंबर
नाताळची कुत्या, म्हणजे गव्हाची गोड खीर, सासूबाईंनी केली, खसखस जास्त झाली. दोन खुर्च्या रिकाम्या. सासूबाई म्हणाल्या, यारेमा मार्चमध्ये आला की छपराचं बघू. ओस्तापचं नावसुद्धा नाही — जणू तो तिकडेच राहायला गेलाय. सोलोमियाने पटकन विषय बदलला. तिची दयाही मला नको होती.

१७ जानेवारी
ओस्तापचा फोन. आवाज बसलेला. यारेमाचे दोनच महिने राहिलेत म्हटलं. "चांगलंय की. एक तरी सुटतोय," म्हणाला.

मी बोलून गेले, "मला हेवा वाटतो रे त्यांचा."

पलीकडे लायटर दोनदा वाजला.

"मलाही वाटतो," म्हणाला.

१० फेब्रुवारी
सोलोमियाने नवे पडदे शिवलेत. पाहायला बोलावलं होतं. गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

२ मार्च
यारेमा गेला. ड्रोन. बारा दिवस राहिले होते.

६ मार्च
आज पुरलं. गाडी आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना सगळं गाव गुडघ्यावर बसलं होतं. पेटी उघडू दिली नाही. ओस्तापला तीन दिवसांची रजा मिळाली. सासूबाईंना दोघांनी धरून आणलं. सोलोमिया रडत नव्हती. आलेल्यांना खुर्च्या देत होती.

चार महिने मी या पोरीवर जळले. चोवीस वर्षांचा होता तो. आमच्या लग्नात नववीत होता, नवरीचे बूट पळवायची रीत म्हणून माझे बूट त्यानेच लपवले होते.

९ मार्च
ओस्ताप काल परत गेला. आज त्याच्या पलटणीतल्या कारकुनाचा फोन आला. सख्खा भाऊ युद्धात मेला की दुसऱ्याला सोडतात, म्हणाला. तसा कायदाच आहे. ओस्ताप स्वतः अर्ज करायला तयार नाही, तुम्ही त्याला समजवा.

पहिल्यांदा आनंद झाला! दुसरं काही मनात यायच्या आत, आनंद. इथे खोटं लिहून काय मिळणार?

अर्जाला यारेमाच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. तो सोलोमियाकडे आहे. तिच्या दारात जाऊन मी तो कोणत्या तोंडाने मागू?

१० मार्च
मागावा लागला नाही. सोलोमिया सकाळीच आली, दाखल्याच्या तीन प्रती काढून. "भाऊजींशी मी बोललेय, ताई. सही करतो म्हणाले." चहा ठेवते म्हटलं, पण थांबली नाही.