हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी

पुणे

तीर्थरूप बाबांले पुष्पांजलीचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्ही माह्यं बोलणं पुरं होऊ देत नाही, म्हणून कागदावर लिहून राह्यली.

आपल्या धाकट्या सागरनं फोटो पाठवला. मुळाले गाठी दिसल्या म्हणून हरभरा उपटाले काऊन निघाले? तो रोग नाही. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याले काळी पूड चोळली होती न, तिच्यातलेच जिवाणू त्या गाठीत राहतात. एकाच पेशीचा जीव, पण खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. झाडाची साखर खातो अन् हवेतलं नत्र झाडाले देतो. गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी निघाली, तर काम जोरात चालू आहे.

पावसाळ्यात सोयाबीन पिवळं पडलं, तो विषाणू. त्याले एकट्याले काहीच जमत नाही. पानाच्या पेशीत घुसतो अन् तिलेच राबवून आपल्या नकला काढून घेतो. माही सर्दीही तसल्याच एका विषाणूची होती. आता बरी आहे, खोकला थोडासाच उरला. आईले सांगू नका.

तिची पाठ कशी आहे? मी मावशीच्या घरी किती दिवस राहणार, याचा तिले घोर असंन. मी जेवते मावशीकडं, पण तिच्या पोरीचा अभ्यास घेते, सांजच्या भाकरी मीच थापते. मावशीच आता जाऊ देत नाही.

उपटलेला हरभरा गाईले टाका, बाकीच्याले हात लावू नका. अन् आईले एक गुलाबी गाठ दाखवा. म्हणा, आपली पोरगी अशी राहते.

तुमची,
पुष्पांजली