टाकीवरचा शिक्का

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

बाबांच्या जुन्या गाडीची शेवटी मनासारखी हॉट रॉड होतेय. छत कापून खाली घेतलं, इंजिन उघडं ठेवलं, मागची चाकं रुंद केली. तुझी वहिनी विचारते, गाडी पळेल, तुमच्या कंबरेचं काय?

आता डिकीत पेट्रोलची जुनी टाकी मावत नाही. ती आणि पुठ्ठ्याचा नमुना पाठवतोय. तिचंच तोंड वापरून चपटी, रुंद टाकी हवी. एखाद्या चांगल्या कारागिराकडून करून घे, तू हात घालू नकोस. बाबांचं वेल्डिंग बघ, रेघ कशी सरळ आहे. तुला शिकण्यासारखं आहे. वर त्यांचाच शिक्का मार. पुढच्या महिन्यात वीस तारखेला प्रदर्शन आहे, काम कुणाचं ते लोकांना कळायला हवं.

लोभ आहेच.
दादा

ता. १३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टाकी पोचली, सल्लेही पोचले. सल्ले जास्त जड होते. चांगला कारागीर शोधला. बाबांच्या वर्कशॉपमध्ये आता मी आणि मांजर असे दोघंच असतो, आणि मांजराने नकार दिला.

पुठ्ठा तू उलटा कापलास, त्यामुळे टाकीचं तोंड भलत्याच बाजूला येत होतं. मी सुलटा करून घेतला. जन्मभर फायलींवर सह्या केल्या की असं होत असावं.

शिक्क्याचं मात्र जमणार नाही. बाबा गेल्यापासून बारा वर्षं मी पत्रा वाकवतेय आणि तुझ्या लेखी मी नुसती किल्ल्या सांभाळते. माझ्या कामावर माझाच शिक्का बसेल.

लोभ असावा, सल्ले कमी असले तरी चालतील.
धाकटी

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

जीभ फार चालते तुझी. गाडी बाबांची, नाव बाबांचंच. तुझं वेल्डिंग त्या जुन्या टाकीच्या पासंगालाही पुरणार नाही. त्यांचा शिक्का नसेल तर टाकी नको.

दादा

ता. ८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सलमधला छोटा पत्रा आधी बघ. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीच्या आत आडवे पत्रे असतात, त्यातला हा एक. जुनी टाकी धुऊन, पाणी भरून कापली तेव्हा मिळाला. बाबांनी त्यावर खिळ्याने कोरलंय: ‘ही टाकी धाकटीने केली. माझा हात थरथरतो. दादाला सांगू नये, नाहीतर तो गाडीत बसणार नाही.’

मी एकोणीस वर्षांची होते. त्यांनी गप्प राहायला सांगितलं, म्हणून इतकी वर्षं तू केलेली स्तुती गुपचूप खाल्ली. पण त्यांनी हे लिहून ठेवलंय ते मलाही ठाऊक नव्हतं. वाचून खूप रडले. मग तुझं ‘शिकण्यासारखं आहे’ आठवलं आणि हसू आवरेना.

नवी टाकी सोबत आहे. हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासली, एक बुडबुडा नाही. शिक्का माझा आहे. नको असेल तर परत पाठव, मांजर त्यात झोपेल.

राग सोडून लोभ ठेव.
धाकटी

ता. २१ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

काल प्रदर्शनात एकाने विचारलं, टाकी कुणी केली? सवयीने तोंडातून ‘बाबांनी’ निघालं. तो पुढे गेला. मग मला राहवेना. तीन गाड्या ओलांडून धावत त्याला गाठलं आणि सांगितलं, माझ्या बहिणीने केली, आणि जुनीसुद्धा तिनेच केली होती. जुनीचं त्या बिचाऱ्याने विचारलंही नव्हतं. कंबर धरली आहे, वहिनी खूश आहे.

पत्रा स्टिअरिंगशेजारी लावलाय. परत येताना तो वाचत वाचत आलो. बाबांचा अंदाज चुकला गं. मी बसलो.

लोभ आहे, आता मागूनही घेतो.
तुझा दादा